रणदिवे आपले असतील, पण किंग्जचा रिबिल्ड आहे कुठे?

परळ_पॉइंटगार्ड:

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जबद्दल ठाणे_झोन यांनी परवा लिहिलं होतं: ‘किंग्जच्या चाहत्यांनी जरा धीर धरावा. रिबिल्डला, म्हणजे टीम नव्याने बांधायला, वेळ लागतो, ओक्लाहोमाच्या टीमलाही लागला. त्यात मालक मुंबईत जन्मलेला, आडनाव रणदिवे. निदान आपण मराठी माणसांनी तरी त्याच्या मागे उभं राहावं.’ वाचल्यापासून डोक्यात बसलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

धीर कोणी धरायचा? 2006 नंतर सलग 16 मोसम प्लेऑफ नाही, ते ज्यांनी सोसलं त्यांनी? मॅच आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होते. ऐन गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून आम्ही ती बघतो, आणि दादर येईपर्यंत टीम वीसने मागे पडलेली असते. आम्हाला धीर शिकवू नका. मालकाला किती आहे ते बघा.

2013 मध्ये रणदिवेंनी टीम घेतली. तेव्हापासूनचे कोच म्हणजे मलोन, कॉर्बिन, कार्ल, येर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन आणि आता ख्रिस्ती. आठ झाले. मलोनला डिसेंबर 2014 मध्ये काढलं, तेव्हा कझिन्स मेनिन्जायटिसने आजारी होता. आपला सर्वांत मोठा खेळाडू अंथरुणावर, आणि हरण्याचं खापर कोचवर. त्याच मलोनने 2023 मध्ये डेन्व्हरला चॅम्पियन केलं. ब्राउनचं त्याहून वाईट. 2023 चा कोच ऑफ द इयर, तोही एकमताने. जून 2024 मध्ये करार वाढवला आणि त्याच डिसेंबरमध्ये घरी पाठवलं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत आपला स्टार गार्ड फॉक्स सॅन अँटोनियोला गेला.

आणि ओक्लाहोमाचं उदाहरण कृपा करून देऊ नका. त्यांचा जनरल मॅनेजर प्रेस्टी 2007 पासून त्याच टीमकडे आहे. 2019 मध्ये पॉल जॉर्ज दिला, शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पिकांचा (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायच्या हक्कांचा) गठ्ठा घेतला. डेग्नॉल्ट कोच झाला, पहिल्या वर्षी 22-50 (22 विजय, 50 पराभव), दुसऱ्या वर्षी 24-58. काढला त्याला? नाही. त्या गठ्ठ्यातल्याच एका पिकातून जेलन विल्यम्स आला. 2025 मध्ये 68-14 आणि ट्रॉफी. याला रिबिल्ड म्हणतात. किंग्जमध्ये रोप लावायचं आणि मूळ धरलं का ते बघायला दर महिन्याला उपटायचं, एवढंच चाललंय.

यंदा, 2025-26 च्या मोसमात, पश्चिमेच्या (लीगच्या पश्चिम विभागाच्या) तळाशी लोळतोय, आणि टीममध्ये कोण? 37 वर्षांचा वेस्टब्रूक, 36 चा डीरोझन, आणि जवळपास 4 कोटी 75 लाख डॉलर घेणारा लाव्हीन. तळाशी असलेली टीम तरुण असते. ही टीम म्हातारीही आहे आणि हरतेही आहे. कसला रिबिल्ड बघायचा आम्ही?

ठाणे_झोन:

माझं नाव घेतलंत तर उत्तरही पूर्ण ऐका.

2013 मध्ये ही टीम सिअ‍ॅटलला निघाली होती, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. मलूफ बंधूंनी विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाईक तयार होतं. रणदिवेंचा गट मध्ये पडला म्हणून सॅक्रामेंटोत टीम राहिली, 2016 मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं. ते नसते तर आज तुम्ही नेमकं कोणाच्या नावाने शंख करत असता?

दुसरं, 2022-23. 48 विजय, पश्चिमेत तिसरा नंबर. गोल्डन स्टेटला सातव्या मॅचपर्यंत झुंजवलं, तिथे करीने 50 मारले, त्याला कोण काय करणार. ती टीम बांधली कोणी? याच मालकाने नेमलेल्या जनरल मॅनेजर मॅकनेअरने. हॅलिबर्टन देऊन सबोनिस आणला, तेव्हा हेच सगळे चाहते कपडे फाडत होते. वर्षभरात प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून प्रकाशाचा जांभळा बीम आकाशात जायला लागला तेव्हा सगळ्यांनी मोबाइलवर तोच फोटो लावला.

आणि आताचा जनरल मॅनेजर पेरी एप्रिल 2025 मध्ये आला, वर्षही झालेलं नाही. 2017 मध्ये तो काही महिने इथे होता, त्याच ड्राफ्टमध्ये फॉक्स आला. लाव्हीनचा करार त्याने केलेला नाही, डीरोझनला त्याने आणलेलं नाही. सबोनिस गुडघा दुखावून बाहेर बसला, तो काय पेरीने बसवला? घरात शिरल्या शिरल्या माणसाला आधीच्या भाडेकरूच्या बिलाबद्दल विचारताय.

सकाळची_८_३३:

हॅलिबर्टनचा विषय काढलात म्हणून. 2020 च्या ड्राफ्टमध्ये 12 व्या नंबरवर मिळालेला पोरगा. दोनच मोसमांत दिला. 2025 मध्ये तो इंडियानाला फायनलमध्ये सातव्या मॅचपर्यंत घेऊन गेला. आपण त्याच वर्षी 40-42 करून प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या पात्रता सामन्यात) घरच्या मैदानावर डॅलसकडून हरलो. त्याच डॅलसकडून, ज्यांनी दोन महिने आधी आपला सुपरस्टार डॉन्चिच देऊन टाकला होता.

डॉन्चिचचं तर मी बोलणारच नव्हतो. 2018. दुसरा पिक. डॉन्चिच सोडून आपण घेतला बॅगली.

ठाणे_झोन:

डॉन्चिचला किंग्जनेच फक्त सोडलं का? फीनिक्सने पहिल्या नंबरवर एटन घेतला. अटलांटाने डॉन्चिच निवडून लगेच डॅलसला दिला. डॅलसने 2025 मध्ये लेकर्सला दिला. तीन टीमांच्या ऑफिसांना तो दिसला नाही किंवा नकोसा झाला, आणि शिव्या फक्त आपल्या तेव्हाच्या जनरल मॅनेजरला, दिवाचला. हॅलिबर्टनने फायनलच्या सातव्या मॅचला टाचेमागची अकिलीस शीर तोडून घेतली, 2025-26 चा मोसम पूर्ण बाहेर आहे. सबोनिस नसता तरी बीम पेटला असता असं म्हणायची तुमची हिंमत आहे का?

परळ_पॉइंटगार्ड:

बरं, 2023 चा बीम पेटला, मान्य. तो सबोनिसमुळे पेटला, तेही मान्य. पण दुखापत हा ट्रेड बरोबर ठरवायचा पुरावा नाही. अकिलीस 2025 मध्ये तुटली, 2022 मध्ये तुटलेली नव्हती.

आणि सिअ‍ॅटलबद्दल. टीम वाचवली म्हणून मी रणदिवेंचा आदर करतो, अगदी मनापासून. पण म्हणून पुढची बारा-तेरा वर्षं कोणी प्रश्नच विचारायचा नाही? 2015 चा तो फिलाडेल्फियाचा व्यवहार आठवतो का कोणाला? पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी करायला स्टाउस्कस, लँड्री आणि थॉम्पसन दिले, वर पहिल्या फेरीचा पिक दिला आणि पिक अदलाबदलीचे हक्क दिले. कशासाठी? राँडो, बेलिनेली, कूफॉस यांना घ्यायला. राँडो एका वर्षात गेला. 2017 ला लॉटरीत (पिकांचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) आपला तिसरा नंबर लागला, फिलाडेल्फियाने हक्क वापरला, आपण पाचव्यावर. त्या तिसऱ्या पिकातून शेवटी बोस्टनला टेटम मिळाला. पाचव्यावर फॉक्स मिळाला हे आपलं नशीब, आणि तोही आपण टिकवला नाही.

नागपाडा_बँकशॉट:

मालकाचं आडनाव मध्ये आणलंत ना, मग मला बोलायचंय.

ऑक्टोबर 2019. वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिली मॅच शाळेच्या मुलांसाठी ठेवली होती, तीन हजारांवर पोरं. ओव्हरटाइम, पेसर्स 132-131. दुसऱ्या दिवशी 130-106, परत पेसर्स. रणदिवे स्वतः आले होते, सगळीकडे हेच की मुंबईचा मुलगा एनबीए घरी घेऊन आला. मी दुसऱ्या मॅचला वर मागे बसलो होतो, आणि खोटं नाही सांगत, रडलो. आमच्या एरियात लहानपणापासून फक्त बास्केटबॉल. अब्बास मुंतसिर आमच्या नागपाड्याचे, 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते, भारताचे कॅप्टन. नेबरहुड हाउसच्या कोर्टवरून किती इंटरनॅशनल निघाले ते विचारा आमच्या वडीलधाऱ्यांना.

पण त्या दोन दिवसांनंतर काय? आमचं कोर्ट उघड्यावर. जून ते सप्टेंबर पाऊस, खेळ बंद. उरलेले महिने सिमेंट. माझा गुडघा सिमेंटवरच गेला, ज्युनिअर स्टेटच्या कॅम्पला निवड झाली होती तेव्हा. लाकडी फ्लोअर मी पहिल्यांदा बघितला तो डोममध्ये, तिकीट काढून. रणदिवेंना मुंबईची एवढी आठवण आहे तर एक छप्पर घालून द्या आमच्या पोरांना. मग मी पण किंग्जची जर्सी घालतो.

माटुंगा_स्क्रीन:

दादा, गुडघ्याचं वाईट वाटलं. पण हा हिशेब चुकतोय. सॅक्रामेंटोच्या टीमचा मालक नागपाड्याला छप्पर का देईल? ते काम इथल्या संघटनांचं, महापालिकेचं. 2015 मध्ये यूबीए ही बास्केटबॉल लीग आली होती, मुंबई चॅलेंजर्स होती आपली. 2017 नंतर बंद. कोणाला दुःख झालं? स्टँड रिकामे असायचे. त्याच वरळीच्या डोममध्ये 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली, ती बघा कुठे पोहोचली. प्रेक्षक आले म्हणून पैसा आला. आपण पहाटेपासून अमेरिकेची मॅच बघतो आणि इथली मॅच फुकट असली तरी जात नाही.

नागपाडा_बँकशॉट:

तुम्ही कधी आलात आमच्या कोर्टावर? रात्री साडेदहाला या, पाय ठेवायला जागा नसते. प्रेक्षक नाहीत म्हणे. माटुंग्याला डॉन बॉस्कोच्या मैदानात सॅव्हिओ कप बघून तुम्हाला वाटतं मुंबईचा बास्केटबॉल तेवढाच. ते खेळतात त्यांच्याकडे शाळेचा कोच असतो, शाळेची बस असते, शाळेचे बूट असतात. आमच्याकडे मोठ्या भावाचे बूट असतात.

माटुंगा_स्क्रीन:

बूट मला पण मोठ्या भावाचेच मिळाले. माटुंग्यात राहिलो म्हणजे बंगल्यात राहिलो असं समजू नका. दोन खोल्या होत्या आमच्या, सहा माणसं. आणि सॅव्हिओ कपमध्ये नागपाड्याची पोरं आम्हाला दरवर्षी मारायची, त्यात बुटांचा काही संबंध नव्हता.

काकू_विलेपार्ले:

मी सहसा वाचून सोडून देते, आज राहवलं नाही. युनिव्हर्सिटी खेळले आहे, पुढे राज्याकडूनही. तुम्ही सगळे पोरांबद्दलच बोलताय. मुलींना सिमेंटचं कोर्टसुद्धा संध्याकाळी सहानंतर मिळायचं नाही, कारण मुलांची प्रॅक्टिस असायची. आमची टीम सकाळी साडेपाचला यायची, हिवाळ्यात बॉल दिसायचा नाही. मला स्पोर्ट्स कोट्यात नोकरीची तोंडी हमी होती एका खात्यात. दोन स्पर्धा त्यांच्यासाठी खेळले, मेडल आणलं. मग साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी कबड्डीची टीम ठेवली, बास्केटबॉलची बंद केली. झालं. मी बँकेची परीक्षा दिली आणि पास झाले.

म्हणून मला परळवाल्या मुलाचं म्हणणं पटतं. टीम साहेबाच्या लहरीवर चालली की खेळाडूचं आयुष्य जातं. अमेरिकेत निदान कराराचे पैसे मिळतात.

सकाळची_८_३३:

काकू, नमस्कार. तुमच्यासारख्यांचे अनुभव कोणीतरी लिहून ठेवायला हवेत.

ठाणे_झोन:

काकूंबद्दल पूर्ण आदर. पण किंग्जच्या चर्चेत सिमेंटचं कोर्ट आणि सरकारी खातं कुठून आलं? आणि रणदिवेंनी भारतासाठी काहीच केलं नाही हे मला मान्य नाही. एप्रिल 2015 मध्ये सिम भुल्लरला दहा दिवसांचा करार कोणी दिला? एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, किंग्जच्या जर्सीत. 2021 च्या समर लीगमध्ये किंग्ज चॅम्पियन झाले, त्या टीममध्ये पंजाबचा प्रिन्सपाल सिंग होता. एखाद्या दुसऱ्या मालकाने एवढं केलेलं दाखवा.

नागपाडा_बँकशॉट:

दहा दिवस! दहा दिवसांच्या कराराचा झेंडा किती वर्षं फडकवायचा? भुल्लर कॅनडात वाढला. प्रिन्सपालचं मी मानतो, पोरगा इथल्या अकादमीतून गेला. पण मूळ मैदानात कोणी हात घालत नाही तोपर्यंत असा एखादाच निघणार. आणि तो सात फुटी असला तरच. माझ्यासारखा पाच फूट दहाचा गार्ड सिमेंटवरच संपणार.

परळ_पॉइंटगार्ड:

नागपाडावाले भाऊ, तुमच्या बोलण्यातून मला माझ्या मुद्द्याचंच टोक सापडलं. डोमच्या त्या दोन मॅचेस आणि किंग्जचे निर्णय, दोन्हीकडे एकच सवय दिसते. मोठा क्षण घडवायचा, फोटो निघतो, टाळ्या मिळतात, आणि दुसऱ्या दिवसापासून जे रोजचं कंटाळवाणं काम करावं लागतं ते करायला कोणी थांबत नाही. डीरोझन आणणं हा मोठा क्षण होता. लाव्हीन आणणं पण. ओक्लाहोमासारखं दुसऱ्या वर्षी 24 विजय आले तरी त्याच कोचबरोबर, त्याच पोरांबरोबर थांबणं, याचा फोटो निघत नाही.

माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुलीच्या शाळेच्या वयाच्या टीमला त्यांनी स्वतः कोचिंग केलं, पूर्ण कोर्टभर प्रेस (समोरच्यांवर सतत दबाव) लावून मोठमोठ्या टीमना हरवलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. हुशार माणूस आहे, खेळावर प्रेम आहे. माझं दुखणं तेच आहे. प्रेम असलेला मालक दर निर्णयात येऊन बसतो.

ठाणे_झोन:

मग तुम्हाला हवंय काय? मुद्दाम हरायचं? फिलाडेल्फियाने 2016 मध्ये 10-72 केलं, एवढी वर्षं प्रक्रिया प्रक्रिया म्हणत बसले, एकदाही फायनल नाही. 2019 पासून तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकाची शक्यता सारखीच, 14 टक्के. डॅलसला 1.8 टक्के होती आणि पहिल्या पिकातून कूपर फ्लॅग हा पोरगा मिळाला. हरून काही पदरात पडेल याची हमी कुठे आहे? ऑफिसमध्ये रोज सगळे विचारतात ‘आज पण हरली का रे तुझी टीम’. मला तरी टीम जिंकलेली बघायची आहे. आठवड्यातून एकदा तरी तो जांभळा बीम बघायचा आहे, मग वेस्टब्रूकमुळे पेटो नाहीतर कोणामुळे.

सकाळची_८_३३:

हे मात्र मनातलं बोललात. वेस्टब्रूक या वयातही ज्या जिवाच्या आकांताने धावतो ते बघून मी स्टेशन चुकवलंय.

माटुंगा_स्क्रीन:

मला दोन्ही बाजू कळतात, तरी परळकडे झुकतो. मुद्दाम हरायची गरज नाही, तसेही हरतोच आहोत. प्रश्न मिनिटांचा आहे. क्लिफर्ड, रेनो, मरे या तरुण पोरांना खेळवा. चुकू देत. 2002 च्या टीमचं आपण अजून नाव काढतो, वेबर, दिवाच, बिबी, पेजा आणि हाच ख्रिस्ती. लेकर्सविरुद्ध सातव्या मॅचला ओव्हरटाइममध्ये हरले तरी नाव काढतो, कारण ती टीम वर्षानुवर्षं एकत्र वाढली होती. कोणी दर डिसेंबरला मोडली नाही.

ठाणे_झोन:

वेबर ट्रेडने आला होता. बिबी पण.

माटुंगा_स्क्रीन:

आले ट्रेडने, राहिले ना पण? अ‍ॅडलमन 1998 ते 2006 कोच होता. एकच माणूस. आठ मोसम, आठही वेळा प्लेऑफ.

ठाणे_झोन:

अ‍ॅडलमनचं खरं आहे. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

काकू_विलेपार्ले:

ठाण्याच्या भाऊ, तुम्ही चिडू नका. आपला माणूस म्हणून मला पण बरं वाटतं हो टीव्हीवर ते दिसले की. पण आपला म्हणूनच त्यांना जास्त बोलायचं. परक्या मालकाला कोण सांगायला जातं?

नागपाडा_बँकशॉट:

काकू, तुम्ही आमच्याकडे मुलींना शिकवायला याल का? खरंच विचारतोय. रविवारी सकाळी आठ ते दहा कोर्ट मुलींसाठी ठेवायचं आम्ही ठरवलंय, पंधरा-सोळा येतात, शिकवायला बाई कोणी नाही. माटुंगावाल्यांनी पण यावं. बोलणं झालं तेवढं झालं.

काकू_विलेपार्ले:

माझे गुडघे उड्या मारणार नाहीत, पण पिव्हट आणि बॉक्स-आउट शिकवीन. पावसाआधी सुरू करू.

माटुंगा_स्क्रीन:

मी येतो. बॉल आणतो दोन, पण साडेदहाच्या रात्रीच्या गेममध्ये घ्यायचं मला.

परळ_पॉइंटगार्ड:

मी पण येईन. आता ठाणे_झोन, आपलं राहिलं आहे. पेरीला वर्ष झालं नाही हा तुमचा एकच मुद्दा मी धरून ठेवतो. जुन्या करारांचं ओझं त्याचं नाही, बरोबर. पण फेब्रुवारी 2026 ची ट्रेड डेडलाइन (खेळाडू अदलाबदलीची शेवटची तारीख) त्याची आहे. लाव्हीन किंवा डीरोझन जाऊन बदल्यात पिक किंवा पंचविशीच्या आतला खेळाडू आला, तर मी मानेन की काहीतरी सुरू झालंय. आणि पुन्हा एखादा तिशी उलटलेला मोठ्या नावाचा माणूस आणला, भविष्यातला पिक देऊन, तर पुढच्या मोसमात मला धीर धरा सांगायला येऊ नका.

ठाणे_झोन:

सबोनिसला हात लावायचा नाही, एवढी एक अट. बाकी ठीक आहे.

परळ_पॉइंटगार्ड:

सबोनिस तीस व्हायला आला. पहिल्या फेरीचा पिक देणारं कोणी भेटलं तर तो पण जाणार. यावर मी हटणार नाही.